ड्रॉइंग बोर्ड भंगारात द्यावा का? आणि नव्या डिझायनरला आधी काय शिकवावं?

पाटीपेन्सिल (कुपवाड) | ९ जून, रात्री १०:०५

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. पंपांचे भाग, साखर कारखान्यांचे सुटे भाग, थोडंफार फॅब्रिकेशन. पुढच्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात हलतोय म्हणून आवराआवर चालली आहे. माळ्यावरून ए-झिरोचा ड्रॉइंग बोर्ड उतरवला, ड्राफ्टिंग मशीनसकट. धूळ पुसून हात लावला तर पट्टी नव्वद अंशावर अजून टक्क करून थांबते. भंगारवाला दारात काटा घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, बाबा, तू शनिवारी ये.

१९९१ साली डिप्लोमा करून मी असल्याच बोर्डासमोर उभा राहिलो. पहिले आठ महिने नुसतं ट्रेसिंग, म्हणजे पेन्सिलीचं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं. उन्हाळ्यात मनगटाचा घाम कागदाला लागू नये म्हणून हाताखाली रुमाल ठेवायचा. शाई चुकली की अर्ध्या ब्लेडनं खरवडायची, नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा आणि परत रेघ मारायची. एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडलं की भोक पडायचं आणि चार दिवसांचं काम पहिल्यापासून. मग ट्रेसिंगवरून प्रती काढायला अमोनिया प्रिंट. त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं.

आता मूळ गोष्ट. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या नव्या मुलानं एका पंपाच्या केसिंगचं थ्रीडी मॉडेल दोन दिवसांत केलं. मला बोर्डावर तीन आठवडे लागले असते, आणि एवढं देखणं झालं नसतं. त्यानं स्टेप फाइल (थ्रीडी आकाराची फाइल) थेट पॅटर्नवाल्याकडे पाठवली, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना करणाऱ्याकडे. तिथं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर पॅटर्न कापलं गेलं, फाउंड्रीत पहिलं कास्टिंग निघालं. फ्लँज (केसिंगची पसरट कड) हवा होता ५०० मिमी, आला ४९५. मशिनिंगला तोंडावर माल शिल्लक नाही. ग्रे आयर्न, म्हणजे बीड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पॅटर्न तेवढं मोठं करायचं असतं, शिवाय मशिनिंगमध्ये कापला जाणारा माल वेगळा सोडायचा असतो. फाइलमध्ये दोन्ही नव्हतं. पॅटर्न वाया गेलं, खर्च माझ्या खिशातून.

मुलाला बोललो. जरा जास्तच बोललो. मग रात्री अंथरुणावर लक्षात आलं की माझ्या कुठल्याच जुन्या ड्रॉइंगवर आकुंचन धरलेलं नसायचं! आम्ही तयार मापच लिहायचो. पॅटर्न मिस्त्री आपल्या पट्टीनं वाढवून घ्यायचे. म्हणजे तीस वर्षं माझी जी चूक कुणीतरी निस्तरत होतं, ती या पोराच्या पदरात पडली.

तर दोन प्रश्न. नव्या मुलामुलींना पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही काय शिकवता? आणि बोर्ड ठेवू की देऊ?

---

वारणाकाठ | ९ जून, रात्री १०:२२

बोर्ड देऊ नका. बाकीचं सकाळी लिहितो.

---

सातारी_पत्रा (सातारा) | ९ जून, रात्री ११:१०

काका, मुलाची बाजू तुम्हीच मांडलीत याचं फार बरं वाटलं. असे धागे बहुतेक वेळा 'आमच्या वेळी'वर थांबतात.

मी शिरवळला शीट मेटलमध्ये नऊ वर्षं आहे, इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या. आमच्याकडे संगणकानं काय दिलं ते सांगते. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. म्हणून सपाट पत्रा किती लांब कापायचा हे नुसत्या बेरजेनं निघत नाही. जुने साहेब आधी पुठ्ठ्याची पेटी करायचे, मग एक पत्रा कापून वाकवून बघायचे, दीड मिमी कमी आलं की दुसरा. आता आम्ही आमच्याच प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशिनवर) प्रत्येक जाडीची पट्टी वाकवून, मोजून के-फॅक्टरचा, म्हणजे वाकवताना लांबी किती धरायची त्या आकड्याचा, तक्ता केला आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये घातला की उलगडलेला पत्रा आपोआप येतो, त्याची डीएक्सएफ फाइल कापणाऱ्या लेझरला जाते आणि पहिलाच नग बरोबर निघतो. पार्टीनं दरवाजा वीस मिमी वाढवायला सांगितला तर बिजागरी, भोकं, कापणी सगळं मागोमाग बदलतं.

आणि एक घरचं सांगते. मुलगी झाल्यावर दीड वर्ष मी साताऱ्यातून, घरी बसून काम केलं. फाइल जाते-येते, मीटिंग पडद्यावर. बोर्डाच्या काळात मला नोकरी सोडावी लागली असती. त्या काळात ड्रॉइंगच्या खोलीत बायका नव्हत्याच ना?

---

ओतकाम_पलूस | १० जून, सकाळी ६:४८

पाटीपेन्सिल साहेब, तुमचं वाचलं आन् वडील आठवले. वडील पॅटर्न मिस्त्री होते. चाळीस वर्षं सागवानात हात.

प्रिंट आली की ते आधी माप वाचायचे नाहीत. प्रिंट उलटीपालटी करून बघायचे, डोळे मिटायचे, मग विचारायचे, "हे वाळूतनं निघणार कुठनं?" म्हणजे पेटीचं तोंड कुठं येणार, कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) कशावर बसणार, पॅटर्न सुटायला उतार कुठल्या बाजूला. हे ठरल्याशिवाय करवतीला हात नाही. त्यांच्याकडं दोन पट्ट्या. एक साधी आन् एक आकुंचन धरलेली. तिच्यावरचा शंभर म्हणजे खरा एकशे एक. बिडाची वेगळी, पोलादाची वेगळी, कारण पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास आकसतं. आम्ही पोरं खेळायला त्या पट्ट्या घ्यायचो तर मार बसायचा. आता कळतंय का ते.

आन् ड्रॉइंगवर फिनिशचे त्रिकोण असायचे ना? तो त्रिकोण दिसला की वडील तिथं तीन मिमी माल सोडायचे, त्यांना कुणी सांगायला लागायचं नाही. मॉडेलवर त्रिकोण कुठंय? गुळगुळीत करड्या रंगाचं चित्र. मशिनला काय कळणार कुठला पृष्ठभाग कापायचाय आन् कुठला तसाच ठेवायचाय.

तुमच्या पोराची चूक न्हाई. मधला माणूस गेला, एवढंच झालंय.

---

अर्धा_मिमी (मिरज) | १० जून, सकाळी ९:१५

वय २६, थ्रीडीवरच शिकलो, बोर्ड फक्त पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात बघितला. तरी माझं मत मांडतो.

ओतकाम, तुमच्या वडिलांबद्दल वाचून अंगावर काटा आला. पण मधला माणूस गेला म्हणून हळहळण्यापेक्षा त्याला जे माहीत होतं ते लिहून ठेवायला हवं होतं. आकुंचनाचा टक्का सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेत लागतो. उतार कुठं कमी पडतो ते रंगात दाखवतात. भिंत कुठं जाड-पातळ आहे ते दिसतं. कास्टिंग सिम्युलेशनमध्ये ओतण्याआधी कळतं की शेवटी कुठं गोठणार आणि पोकळी कुठं राहणार. हे सगळं हाताशी असताना फाइल तशीच गेली, कारण पाठवण्याआधी काय तपासायचं हे त्या मुलाला कुणी दिलंच नव्हतं.

आणि जुन्या पद्धतीत चुका होत नव्हत्या का? पाइप आणि शिडी एकाच जागेतून काढल्याचं साइटवर उभारणी करताना कळायचं. बोइंग ७७७ या विमानाचे सगळे भाग आधी संगणकावर जुळवून पाहिले आणि १९९४ च्या जूनमध्ये ते उडालं. लाखो भाग एकमेकांत घुसतात का हे कागदावर कुणाला दिसलं असतं?

---

वारणाकाठ | १० जून, सकाळी १०:०२

अर्धा_मिमीशी सहमत, पण त्याच विमानवाल्यांच्या जगातलं दुसरं उदाहरण. एअरबस ए-३८० मध्ये ५०० किलोमीटरहून जास्त वायर आहे. जर्मनीतली मंडळी कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर, फ्रान्समधली नव्यावर. वळणांचा हिशोब जुळला नाही, वायरचे गठ्ठे विमानात बसवताना आखूड पडले. २००६ साली त्यावरून विमानांची डिलिव्हरी लांबणीवर पडत गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपल्या एमआयडीसीत एकाकडे २०१४ ची आवृत्ती, दुसऱ्याकडे यंदाची. नवी फाइल जुन्यात उघडत नाही. माझ्याकडे १९७४ ची एक ट्रेसिंग आहे, ती खिडकीच्या उजेडात कधीही उघडते.

---

चक_जबडा (मिरज एमआयडीसी) | १० जून, दुपारी १:३०

जेवणाची सुट्टी आहे, पटकन लिहितो. माझं जॉब वर्क. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन).

ड्रॉइंग येतं, शाफ्टची लांबी लिहिलेली १२०.०००. तीन शून्यं. जुन्या साहेबानं १२० लिहिलं की मी समजायचो, अर्धा मिमी इकडं-तिकडं चालतंय. १२०.००० बघितलं की माझा मुलगा मायक्रोमीटर काढतो, रेट दुप्पट लावतो. फोन केला तर साहेब म्हणतात, "अहो, ते सॉफ्टवेअरनं आपोआप टाकलं." ज्या बेअरिंगच्या बसणीला खरं टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) पाहिजे तिथं मात्र काहीच लिहिलेलं नाही!

दुसरं, भागात कोरलेल्या खिशाच्या आतला कोपरा काटकोनात. गोल फिरणाऱ्या कटरनं चौकोनी कोपरा कसा काढू? पडद्यावर निघतोय म्हणजे मशिनवर निघतो असं धरून चालतात. नव्या पोरांनी आठवडाभर माझ्या मशिनशेजारी उभं राहावं. चहा माझ्याकडून.

तिसरं व्हॉट्सअ‍ॅप. ड्रॉइंगचा फोटो येतो, खालची माहितीची चौकट कापलेली. रेव्हिजन बी का सी कळत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी साठ नग जुन्या रेव्हिजनवर काढले. पार्टी म्हणते नवा फोटो पाठवला होता. होता खरा, लग्नाच्या फोटोंच्या खाली.

---

अर्धा_मिमी (मिरज) | १० जून, दुपारी १:५२

चक_जबडा, तीन शून्यांचा मुद्दा पटला. मीही हेच करत आलोय, आज ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये बदल केला. शनिवारी मशिनवर येऊ का?

---

चक_जबडा (मिरज एमआयडीसी) | १० जून, दुपारी १:५५

या की. सकाळी आठला. लोंबणारे दोरे नसलेला शर्ट घाला.

---

जाळी_आणि_भार (विश्रामबाग) | १० जून, सायंकाळी ६:४०

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, ताण-विश्लेषणाचा विषय. एका गोष्टीवर जरा सविस्तर लिहितो, कारण तिथं मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

फायनाइट एलिमेंटमध्ये आपण भागाचे छोटे तुकडे पाडतो, ज्याला मेश म्हणतो, आणि प्रत्येक तुकड्याचा हिशोब संगणक करतो. निकाल लाल-पिवळ्या-निळ्या चित्रात येतो. विद्यार्थी चित्र दाखवतात, "सर, लाल आहे, जाडी वाढवतो." मी म्हणतो, आधी मेशचे तुकडे निम्म्या आकाराचे करून परत चालव. ताण वाढतो. अजून बारीक कर. अजून वाढतो. कारण त्यानं आतला कोपरा अणकुचीदार ठेवलेला असतो. सिद्धांताप्रमाणे तिथला ताण अमर्याद आहे, मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा, त्याला शेवट नाही. तिथं गोलाई द्या, मग आकडा एका जागी स्थिरावतो. ही गोष्ट वर्गात सांगून कळत नाही. मेश स्वतः चार वेळा बारीक करून आकडा पळताना बघितला की जन्मात विसरत नाहीत.

दुसरी बाजू म्हणजे मोठ्या तुकड्यांची मेश, जी ताण कमी दाखवते. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्लाइपनर-ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. पोकळ खांबांच्या मधल्या भिंतीतला कातरताण विश्लेषणात ४७ टक्क्यांनी कमी आला होता. भिंत पातळ ठेवली गेली, सळई अपुरी पडली. माणसं वाचली, पाया गेला. नंतर काळजीपूर्वक हिशोब केला तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे साधन पुरेसं अचूक होतं. पहिल्या उत्तराला कुणीतरी कागदावर चार ओळींचा हिशोब करून आव्हान द्यायला हवं होतं.

म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: संगणक सुरू करायच्या आधी उत्तर किती यायला हवं ते वहीत लिहायचं. दुपटीपर्यंत चुकलं तरी चालेल, दहापट चुकलं तर का चुकलं ते शोधल्याशिवाय उठायचं नाही.

---

ओतकाम_पलूस | १० जून, सायंकाळी ७:१५

सर, आकडा पळतो ही गोष्ट लय आवडली. आमच्याकडं त्याच कोपऱ्यात कास्टिंगला तडा जातो. वडील मेण लावून कोपरा भरून घ्यायचे. गणित वेगळं, जागा तीच.

---

ट्रेसर_आजी (सातारा) | १० जून, रात्री ९:३०

सातारी_पत्रा, तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला म्हणून आज पहिल्यांदा इथं लिहिते आहे. नातवानं टंकायला शिकवलं. बायका त्या खोलीत होत्या ग. मी १९७८ ते २००० ट्रेसर होते. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही सहा जणी एका रांगेत.

इंजिनिअर पेन्सिलीनं काढायचे, आम्ही त्यावर ट्रेसिंग टाकून शाईनं उतरवायचो. लोकांना वाटतं ते नक्कल करण्याचं काम. पण एकेक रेघ हाताखालून जाते तेव्हा सगळं दिसतं. एका फ्लँजवर 'आठ भोकं' लिहिलेलं आणि काढलेली सात. एका जागी नट दाखवलेला, पण त्याला पाना लावायला जागाच नाही. आधी मी घाबरायचे. मग एक मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला खटकलं की कोपऱ्यात पेन्सिलीनं टिंब काढत जा." माझी टिंबं चेकर बघायचे. महिन्याला दहा-बारा टिंबांतली निम्मी तरी खरी निघायची. माझ्या हुद्द्यात 'तपासणी' हा शब्द कधी आला नाही, पगारातही नाही.

संगणक आले तेव्हा सहापैकी चौघींना घरी पाठवलं. मी ४१ वर्षांची होते. संध्याकाळी सहा ते आठ क्लास लावला, ऑटोकॅड शिकले, टिकले अजून काही वर्षं. ज्या गेल्या त्यांतल्या एकीचा हात इतका सुरेख होता की तिचे आकडे छापल्यासारखे दिसायचे. तिनं नंतर साड्यांना पिको-फॉलचं दुकान टाकलं. मला संगणकाचा राग नाही, तो मला आवडला होता. पण आम्ही फक्त रेघा मारतो असं समजून आम्हाला काढलं, आणि टिंबं कोण काढणार हे कुणी विचारलं नाही.

---

सातारी_पत्रा (सातारा) | १० जून, रात्री ९:५८

आजी, मी काय लिहू. माझा समज चुकीचा होता, आणि तुम्ही इतक्या प्रेमानं सुधारलात. पुढच्या रविवारी भेटायला येऊ का?

---

ट्रेसर_आजी (सातारा) | १० जून, रात्री १०:११

ये. मुलीलाही आण. माझी पेनं अजून डबीत आहेत, तिला रेघ मारून दाखवते.

---

गावभाग (सांगली) | ११ जून, सकाळी ८:२०

कागदाच्या टिकाऊपणावर वारणाकाठ यांना एक उत्तर. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी चढलं ५७ फुटांपर्यंत. आमचं ऑफिस तळमजल्यावर. २००५ ला जिथवर पाणी आलं होतं त्याच्या वर कपाटं ठेवली होती, ती बुडाली. आठ दिवसांनी दार उघडलं तर ट्रेसिंगचे गठ्ठे फुगून एकमेकांना चिकटलेले, अमोनिया प्रिंटांचा लगदा. पॉलिस्टर फिल्मवरची काही ड्रॉइंग बादलीत धुऊन गच्चीवर दोरीला वाळत घातली, ती वाचली. संगणक मेले. पण बहिणीकडे विट्याला एक हार्ड डिस्क ठेवली होती, तिच्यावर २००४ पासूनच्या सगळ्या फाइली. सप्टेंबरमध्ये काम सुरू झालं ते तिच्या जिवावर.

त्या दिवसापासून मी कागद की संगणक हा वाद घालत नाही. कृष्णेला दोन्ही सारखेच. प्रत दुसऱ्या गावात असली पाहिजे.

---

तंबोरा (मिरज) | ११ जून, सकाळी १०:४५

थोडं विषयांतर, पण धाग्याचा गाव आमचा आहे म्हणून. आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे होतात, ज्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं ड्रॉइंग नाहीच. मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, प्रत्येकाचं पोट वेगळं. कारागीर भोपळा मांडीवर फिरवतो, टिचकी मारून ऐकतो आणि मग त्यावर बसणारी लाकडी तबली कापतो. माप भोपळा सांगतो. मी स्वतः कॅडवर काम करतो, एकदा हौसेनं एक भोपळा स्कॅन करून मॉडेल केलं. शेजारच्या काकांनी पडद्यावर बघितलं, म्हणाले, छान आहे, आता वाजव.

---

वारणाकाठ | ११ जून, सकाळी ११:०५

तंबोरा :-) काकांना नमस्कार सांगा.

विषयांतरात माझंही एक. या भागातला मोठा कारखाना ज्यांनी उभा केला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात ड्रॉइंगचे शिक्षक. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकला शिकायला गेले, तिथं कळलं की त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. रंग सुटले, यांत्रिक ड्रॉइंग राहिलं, ते पुढं मुंबईत व्हीजेटीआयला शिकवलं. मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. लाल-निळी चित्रं बघून निर्णय घेण्याचा प्रश्नच नव्हता, रेघेवरच सगळा भरवसा.

---

फुकट_पण_शहाणं (कराड) | ११ जून, दुपारी ३:२०

लायसन्सचा खर्च कुणी बोललं नाही. दोन माणसांच्या ऑफिसला दरवर्षीचं भाडं जड जातं, म्हणून गुपचूप चोरीच्या कॉपी चालतात आणि नोटीस आली की धावपळ. मी तीन वर्षं फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरवर काम करतोय, फुकट आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. मोठ्या असेंब्लीत अडखळतं, पण ब्रॅकेट, जिग, फिक्स्चर, साधे शाफ्ट आरामात होतात. मशिनवाल्याला स्टेप आणि पीडीएफ दोन्ही देतो. पीडीएफवर टॉलरन्स, फिनिश, रेव्हिजन. मॉडेल आकार सांगतं, काय महत्त्वाचं आहे ते ड्रॉइंगच सांगतं.

---

चक_जबडा (मिरज एमआयडीसी) | १४ जून, दुपारी २:१०

अर्धा_मिमी आज येऊन गेले. २५ मिमीच्या भोकात शाफ्ट सरकता बसवायचा होता, एच७ला जी६ (भोक आणि शाफ्टच्या मापांच्या ठरलेल्या मर्यादा). त्यांना म्हटलं, भोक २५.००० ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, हे पाठ आहे तुम्हाला. आता तेल लावून हातानं घाला. घातला. सरकला. म्हणाले, "एवढासा फरक बोटाला कळतो?" कळतो की. मग मुद्दाम मिमीच्या दोन शतांशानं मोठा शाफ्ट दिला. भोकाच्या तोंडालाच अडला. पाच मिनिटं तो शाफ्ट हातात धरून बसले होते.

---

अर्धा_मिमी (मिरज) | १४ जून, दुपारी ३:००

बसलो होतो. पाच वर्षं एच७/जी६ टंकतोय, आज पहिल्यांदा हाताला लागला. ओतकाम, पुढचा शनिवार पलूसला येऊ?

---

ओतकाम_पलूस | १४ जून, दुपारी ३:२५

ओतायचा दिवस शुक्रवार. सुट्टी काढा. दुपारी चारला भट्टी तयार असते.

---

जाळी_आणि_भार (विश्रामबाग) | १४ जून, रात्री ८:३०

मूळ प्रश्न मागे पडायला नको. पाटीपेन्सिल, भंगारवाला आज येणार होता ना? काय ठरलं?

---

पाटीपेन्सिल (कुपवाड) | १४ जून, रात्री १०:४०

आला होता. चहा पिऊन गेला. बोर्ड राहिला.

आठवडाभर तुमचं एकेक वाचत होतो. ट्रेसर आजींचं टिंब माझ्या डोक्यातून जाईना. माझं ड्रॉइंग आजींसारख्या ट्रेसरच्या हाताखालून जायचं, चेकरच्या, मिस्त्रींच्या, कास्टिंगवर खुणा आखणाऱ्या मार्करच्या, मग टर्नरच्या. पाच जण ते *वाचायचे*. फाइल कुणी वाचत नाही, ती चालवली जाते. पोराचा वेग मला कमी करायचा नाही, तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत होतंय तर होऊ दे. पण वाचलेल्या तीन आठवड्यांतला एक दिवस तरी वाचणाऱ्यांना द्यायला पाहिजे.

म्हणून असं केलं. बोर्ड नव्या गाळ्यात दरवाज्यासमोर उभा लावतोय. त्यावर आता ड्रॉइंग काढायचं नाही, लावायचं. कुठलीही फाइल बाहेर जाण्याआधी तिची मोठी प्रिंट एक दिवस बोर्डावर. शेजारी दोरीला पेन्सिल. पॅटर्नवाला, मशिनवाला, फिटर, डिलिव्हरी घ्यायला आलेला टेम्पोवालासुद्धा, ज्याला काही खटकेल त्यानं टिंब काढायचं. टिंब का आहे ते शोधायचं काम मुलाचं. पहिल्याच दिवशी आमच्या फिटरनं दोन टिंबं काढली. एका बोल्टला पाना फिरत नव्हता. आजी, नेमकं तुमचंच.

मुलाची मी माफी मागितली. पहिल्या सहा महिन्यांचं म्हणाल तर दोन आठवडे फाउंड्री, दोन आठवडे मशिन शॉप, एक आठवडा साइटवर फिटरसोबत, आणि सरांची वही. मग माउस.

---

ट्रेसर_आजी (सातारा) | १५ जून, सकाळी ७:०५

पेन्सिल एचबी ठेवा. टू-एचचं टिंब दिसत नाही.

---

ओतकाम_पलूस | १५ जून, सकाळी ७:३०

साहेब, पॅटर्न दुरुस्त झालं का? फ्लँज किती धरलाय?

---

पाटीपेन्सिल (कुपवाड) | १५ जून, सकाळी ९:००

नवीनच केलं. हिशोब मुलानं वहीत मांडला, मी फक्त बघितला. तयार ५००, दोन्ही बाजूंना तीन-तीन माल म्हणजे कास्टिंग ५०६, वर एक टक्का म्हणजे पॅटर्न ५११. काल पहिलं कास्टिंग आलं. तो स्वतः टेप घेऊन फाउंड्रीच्या गेटवर उभा होता, अजून गरमच होतं. ५०६ आणि एक केस.